बंद लिफ्टचं वाक्य

तुरुंगात गेल्यावर माणूस खंगतो, असं म्हणतात. परंतुसर तुरुंगात गेले आणि त्यांची तब्येत सुधारली.

त्यांचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटावर होतं, आणि आता तुरुंगाच्या दप्तरातही होतं. बाकी सगळीकडे ते परंतुसर. कुणी काही बोललं की ते आधी मान डोलवायचे, मग "बरोबर आहे, परंतु" म्हणायचे, आणि त्यानंतर समोरच्याचा चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत थांबायचे नाहीत. ते तत्त्वज्ञान शिकवत. त्यांच्या तासाला मुलं यायची ती तत्त्वज्ञानाच्या ओढीने नव्हे, तर त्याच वेळी शेजारच्या खोलीत संख्याशास्त्र असायचं म्हणून. 'स्वातंत्र्य म्हणजे काय' हा सरांचा सर्वात लाडका धडा. तो रंगात आला की खिडकीजवळची पोरं स्वातंत्र्याचा प्रत्यक्ष वापर करून खिडकीतूनच निघून जायची. सरांना ते दिसायचं. दोन्ही पर्याय उपलब्ध असताना विद्यार्थ्याने उडी मारणं निवडलं, ही गोष्ट सिद्धांताला पोषकच आहे, असं ते बायकोला घरी येऊन सांगायचे.

बायको डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. ती म्हणायची, "पोरं पळाली हे सांगायला तुम्हाला सिद्धांत लागतो. कमाल आहे बाई!"

पुढे देशात नवा कायदा आला. बोलण्यावर बंदी अशी नव्हती. ऐकणाऱ्याने कळवायचं, एवढंच होतं. तेव्हा सरांनी वाचनालयात आपला तोच लाडका धडा व्याख्यान म्हणून दिला, आणि काही दिवसांनी पोलीस घरी आले. पुस्तकांचं कपाट उघडून साहेबाने विचारलं, "यात सरकारविरोधी काय काय आहे?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या कपाटाबद्दल आस्थेने विचारत होतं. सर मनापासून म्हणाले, "तिसरा कप्पा न्या. वरच्या दोन्हींत नुसती भूमिका आहे, युक्तिवाद कच्चा आहे."

"अहो!" बायको आतून ओरडली. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या काय देताय!"

चोर म्हटल्याचा साहेबाला राग आला आणि तो तिन्ही कप्पे घेऊन गेला. सरांनाही घेऊन गेला.

चौकशीच्या वेळी सरांपुढे एक जबाब वाचला गेला. त्यात म्हटलं होतं की आरोपी घरी जेवताना असं म्हणाला: 'आपलं सरकार म्हणजे बंद पडलेली लिफ्ट. बटणं सगळी आहेत, दिवा लागतो, आपण वर चाललोय असं वाटतं. दार उघडलं की आपण तिथेच.' खाली सही होती सरांच्या मेव्हण्याची. बायकोच्या सख्ख्या धाकट्या भावाची.

सर उभे राहिले. "हे वाक्य माझं नाही. माझ्या वाक्यात उपमा नसते."

कारकुनाने लिहून घेतलं: आरोपी आरोप नाकारतो, शैलीच्या कारणावरून.

जबाब मात्र वर्तमानपत्रांत छापून आला होता, त्यामुळे बराकीत त्या वाक्याने सरांच्या आधीच पाऊल टाकलेलं होतं. दार उघडून त्यांना आत ढकललं तेव्हा पथारीवर पडलेली माणसं उठून उभी राहिली. बसगाड्यांच्या संघटनेतला ड्रायव्हर, ज्याच्या आवाजामुळे गाडीला हॉर्न लागायचा नाही, पुढे आला आणि त्याने सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "लिफ्टवाले सर ना तुम्ही? काय बोललात हो! दार उघडलं की आपण तिथेच! आमच्या डेपोत पोरांनी भिंतीवर लिहिलंय."

"नाही, म्हणजे ते वाक्य..."

"राहू द्या सर, विनय राहू द्या."

सरांनी प्रामाणिकपणे आणखी काही वेळा सांगून पाहिलं. कुणी ऐकेना. मग त्यांनी एकांतात विचार केला. मेव्हणा त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जेवायला यायचा, त्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडायचंच. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, त्यामुळे त्याने त्यांचा विचार आपल्या धंद्याच्या भाषेत घातला असणार. म्हणजे विचार आपला, फक्त उपमा त्याची. ही विभागणी एकदा जमल्यावर सरांनी नाकारायचं बंद केलं. पुढे पुढे कुणी ते वाक्य म्हटलं की ते नुसते चष्मा पुसायचे.

आणि मग सरांच्या आयुष्यातलं सुवर्णयुग सुरू झालं.

दुपारच्या जेवणानंतर बराकीचं दार लागायचं आणि संध्याकाळच्या फेरीपर्यंत उघडायचं नाही. या वेळात सर बोलायला लागले. इथे खिडक्या उंच होत्या. कुणी उडी मारून जाऊ शकत नव्हतं. पण जाऊ शकत नव्हते म्हणून बसलेले लोक हळूहळू पुढे सरकून बसू लागले, हे सरांनी डोळ्यांनी पाहिलं. ते थरारून गेले. ड्रायव्हर मधेच उठून ओरडायचा, "थांबा थांबा! ते परत सांगा!" तत्त्वज्ञानाच्या इतिहासात अध्यापकाला 'परत सांगा' म्हटल्याच्या नोंदी फारशा नाहीत.

सरांनी एक नियम घालून दिला. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी त्याची बाजू आपण मांडायची, आणि ती अशी मांडायची की तो स्वतः म्हणाला पाहिजे, "हो, हेच." तो 'हो' मिळेपर्यंत स्वतःचं तोंड उघडायचं नाही. बराकीत एक आजोबा होते. त्यांना या सरकारने धरलं होतं, आधीच्यानेही, आणि त्याच्या आधीच्यानेही. 'तुमचा पक्ष कोणता' म्हणून विचारलं तर ते 'आतला' म्हणून सांगायचे. ताटलीवर चमचा वाजवून निवाडा देण्याचं काम त्यांच्याकडे गेलं.

या नियमाने बराकीतल्या मारामाऱ्या बंद पडल्या, कारण मारायच्या आधी समोरच्याची बाजू मांडावी लागे आणि तेवढ्यात हात गार पडत. ड्रायव्हर आणि दंतवैद्य यांचं एक भांडण कित्येक दुपारी चाललं. दंतवैद्य एका मंत्र्याचा दात काढताना नको ते बोलला होता, म्हणून आत आला होता. जिभेला त्याच्या धार होती. शेवटी ड्रायव्हर डोकं धरून बसला. "सर, याचं म्हणणं याच्यापेक्षा मीच बरं मांडलं. आता मी कुठल्या बाजूने भांडू?"

"दात सोपे असतात," दंतवैद्य म्हणाला. "किडलेला कोणता ते दिसतं तरी."

भेटीच्या दिवशी बायको जाळीपलीकडे येऊन उभी राहिली आणि तिने सरांकडे नीट पाहिलं. "गालांवर मांस आलंय की! घरी काय मी उपाशी ठेवत होते?"

"अगं, इथे माणसं ऐकतात!"

"मग राहा इथेच. मी तुमचं अंथरूण पाठवून देते." तिचे डोळे मात्र भरून आले होते. ते तिने रागाकडे वळवून घेतले. "आमच्या त्या दिवट्याला मी दार बंद केलंय. आईला सांगितलं, मला भाऊच नाही म्हणून. आई रडते, रडू दे."

"परंतु त्याला बिचाऱ्याला धमकावलं असेल. मारलं असेल. भेदरलेला माणूस..."

"हे बघा," ती जाळीला नाक लावून म्हणाली. "तुम्ही त्याला माफ करणार, मला माहितीय. फुकटात मोठं व्हायला तुम्हाला फार आवडतं. पण तो भाऊ माझा आहे. त्याच्यामुळे रोज रिकाम्या घरात मी जाते, तुम्ही नाही. मला विचारल्याशिवाय माफबिफ करायचं नाही. सांगून ठेवते."

सरांनी मान डोलावली आणि त्याच दुपारपासून बराकीत क्षमेवर व्याख्यानमाला सुरू केली. ती गाजली. भेदरलेला माणूस स्वतंत्र नसतो. जो स्वतंत्र नव्हता त्याने केलेल्या कृत्याचा राग कसला धरायचा. तेव्हा त्याला क्षमा करणं हे खरं तर नुसतं हिशेब दुरुस्त करणं आहे, असं त्यांनी सिद्ध केलं. आजोबांनी चमचा वाजवला. बाहेर स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्यानेही गजांतून मान डोलावली. क्षमा तयार झाली. घडी घालून ठेवली. आता माणूस तेवढा यायचा बाकी होता.

आणि माणूस आला.

जेवणं नुकतीच उरकली होती. दार उघडलं आणि काखेत वळकटी घेतलेला मेव्हणा आत उभा राहिला. केस विस्कटलेले, पण अंगावर कुठे वळ नाही की चेहऱ्यावर भेदरलेपण नाही. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, तुम्ही तर अगदी टुणटुणीत दिसताय!"

"हाच तो?" ड्रायव्हरने विचारलं. आवाज हॉर्नच्याही वर गेला होता.

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तेवढं पुरेसं होतं. क्षणात आसपासच्या पथाऱ्या आवळल्या गेल्या आणि मोरीजवळची ओली फरशी तेवढी मोकळी राहिली. "तिथे," दंतवैद्य म्हणाला. "आणि बोलू नकोस. इथे भिंतींना कान नव्हते. तुझ्यामुळे आता झाले."

पण मेव्हण्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. तो ओल्या फरशीवर वळकटी टाकून तिथूनच मोठ्याने बोलू लागला. "कान म्हणूनच पाठवलंय मला, लपवायचं काय त्यात? उद्या सकाळी साहेब येणार आहे. भाऊजींचं ते लिफ्टचं वाक्य इथेही चालू आहे, असा दुसरा जबाब त्याला पाहिजे. मी सही केली की मी घरी, आणि भाऊजींवर मोठा खटला. नाही केली तर मी इथेच. असं आहे सगळं."

आजोबांनी ताटली बाजूला सारली.

"आणि तू काय करणार आहेस?" आजोबांनी विचारलं.

"माझं अजून काही ठरलं नाही," मेव्हणा म्हणाला. खोटं बोलायला लागतात तेवढेही कष्ट त्याने घेतले नाहीत.

दंतवैद्य सरांच्या कानाशी लागला. "सर, तुमची ती क्षमा तयार आहे ना? काढा बाहेर. आत्ताच्या आत्ता. गळ्यात पडा, रडा, पाहिजे तर मीही रडतो. अडला हरी, पाय धरायचे."

सर ताडकन उठले. "सुटकेसाठी केली ती क्षमा नव्हे, अर्ज झाला! आणि हा तरी काय करणार? माफ केलं म्हणून सही करणार नाही, म्हणजे तोही व्यवहारच. परंतु आपला नियम आहे. याच्याविरुद्ध बोलायचं असेल, याला वाळीत टाकायचं असेल, तरी आधी याची बाजू मांडली पाहिजे. मी मांडतो."

"तुम्ही?" ड्रायव्हर म्हणाला. "तुम्हीच?"

"माझ्याइतकं त्याला कोण ओळखतं?"

ताटलीवर चमचा वाजला. सगळे गोलाकार बसले. पहारेकऱ्याने स्टूल गजांजवळ ओढलं. सरांचे कान लाल झाले होते; आयुष्यभर ज्या परीक्षेची तयारी केली तिचा पेपर अखेर समोर आला होता.

"तू भेदरला होतास," सर म्हणाले. "त्यांनी तुला अंधाऱ्या खोलीत..."

"नाही," मेव्हणा म्हणाला. "पंखा होता. चहा दिला."

कुजबुज झाली. सरांनी चष्मा वर केला. "बरं. चहा दिला म्हणजे आमिष दाखवलं. नोकरी, बढती."

"नाही हो. लिफ्टवाल्याला बढती कसली? मी रोजच वर जातो."

कुणीतरी खुदकन हसलं. आजोबांनी चमचा उगारला.

"मग ताईसाठी," सर म्हणाले. "ताईला धरतील म्हणाले, तिला वाचवायला तू मला पुढे केलंस."

मेव्हणा क्षणभर थांबला. असं कारण आपल्याला आधीच सुचलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. "नाही," तो म्हणाला. "ताईचं नावही निघालं नाही."

"माझा द्वेष होता!"

"नाही."

"माझं मत धोक्याचं आहे अशी तुझी प्रामाणिक..."

"भाऊजी, तुमचं मत काय आहे तेच मला अजून कळलेलं नाही!"

आता सगळे गुडघ्यांवर आले होते. ड्रायव्हर मुठी आवळून म्हणत होता, "द्या सर, आणखी एक द्या!" तेवढ्यात संध्याकाळच्या फेरीची, अंगणात फिरण्याची वेळ झाली. पहारेकऱ्याने कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि बाहेरचं ऊन आत आलं. दिवसभरात तेवढीच ती वेळ. तिच्यासाठी लोक एरवी दाराशी रेटारेटी करायचे. कुणी हललं नाही. दार उघडं राहिलं. स्वातंत्र्यावर चाललेल्या चर्चेत कुणाला बाहेर जायची आठवण झाली नाही, आणि पहारेकऱ्यालाही ते सांगायचं सुचलं नाही, कारण तो उंबऱ्यात बसून ऐकत होता.

सर थांबले. त्यांच्याजवळची कारणं संपली. घडी घालून ठेवलेली क्षमा ज्याच्या मापाची होती, तो भेदरलेला माणूस कुठे नव्हताच. समोर होता तो पंख्याखाली चहा पिऊन आलेला. पत्ता चुकला तर पत्र परत येतं. क्षमेचं काय होतं, हा प्रश्न कुठल्याच कप्प्यात त्यांनी वाचलेला नव्हता.

त्यांनी डोळे मिटले. मेव्हण्याला ते आठवू पाहत होते. जेवणाच्या टेबलाशी, बहिणीच्या शेजारी. त्यांना त्याचा हात आठवला. घास घेतलेला, काही बोलण्यासाठी मधेच थांबलेला. आणि त्याच्यावर पडलेला स्वतःचा आवाज आठवला. तो हात मग घास तोंडात घालायचा. पुढे तो काय म्हणणार होता, एकदाही आठवेना. माहीत असण्याचं कारणच नव्हतं. इथे बराकीत पहिल्या दुपारी ड्रायव्हर 'परत सांगा' म्हणाला तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं, तेही त्यांना आठवलं.

ते डोळे न उघडताच म्हणाले, "तुझं कुणी ऐकत नव्हतं. आमच्या घरी, मी तर नाहीच. तिथे साहेबाने पंखा लावला, चहा मागवला आणि म्हणाला, बोला. आणि तो लिहून घेत होता."

मेव्हण्याच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

"अर्धं हो," तो हळू म्हणाला.

"अर्धं?" आजोबा, ड्रायव्हर आणि पहारेकरी एकदम ओरडले.

"बाकीचं अर्धं मीच सांगतो, भाऊजींना ते जन्मात सुचणार नाही. साहेबाने विचारलं, तुमचे भाऊजी काय काय बोलतात? मी आठवून आठवून तुमचं सांगायला लागलो. अगदी खरं खरं. त्याने जांभई दिली. लेखणी थांबली. मला वाटलं, आता हा उठणार. म्हणून मग मी माझं सांगितलं. लिफ्टचं. ते मी रोज म्हणतो, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना वरून सांगतो, म्हणजे त्यांचा वेळ जातो. पळून तर ते जाऊ शकत नाहीत. ते सांगितलं आणि काय सांगू, त्याची लेखणी अशी पळायला लागली! त्याने विचारलं, हे भाऊजी म्हणाले? मी हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर त्याने खोडलं असतं."

"आणि तुला का धरलं मग?" दंतवैद्याने विचारलं.

"परवा एक मोठा अधिकारी अडकला लिफ्टमध्ये. त्यालाही सांगितलं. तो आतून ओरडला, हे तर त्या तुरुंगातल्या माणसाचं वाक्य, तू त्याच्या टोळीतला! माझंच वाक्य म्हटलं म्हणून मला धरला, भाऊजी. तुमच्या नावावर!"

आधी कुणाला कळलं नाही. मग ड्रायव्हरने सावकाश मान वळवली. "म्हणजे ते वाक्य... सर, ते तुमचं नाही?"

"मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं," सर म्हणाले.

"नंतर?"

"नंतर मी काही म्हणालो नाही."

"तुम्ही आणि काही म्हणाला नाहीत," दंतवैद्य म्हणाला. "आम्हाला तेव्हाच शंका यायला हवी होती."

सगळी बराक एकदम बोलायला लागली. आजोबांचा चमचा वाजत राहिला, कुणी ऐकेना. सर भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. त्यांना विलक्षण राग आला होता, इतका की जबाब वाचून दाखवला तेव्हाही आला नव्हता. यातना, आमिष, भीती, त्याग, यांपैकी काहीही असतं तर त्यांनी कौतुकाने माफ केलं असतं. पण आपण सांगितलेल्या गोष्टींवर साहेबाने जांभई द्यावी? आणि त्या जांभईसाठी आपण इथे? आणि वर त्या वाक्याबद्दलचे नमस्कार आपण चष्मा पुसत घेतले! कुणावर रागवायचं तेही धड वाटून घेता येत नव्हतं.

"थांबा!" ते ओरडले. वर्गात ते कधी ओरडले नव्हते. बराक गप्प झाली. "आत्ताच बोलायला हवं. उद्याच्या आधी! उद्या याने सही केली नाही आणि मग मी माफ केलं, तर ते बक्षीस. सही केली आणि मी माफ केलं नाही, तर ती शिक्षा. दोन्ही कामं सरकार करतंच. घाऊक शिक्षा, घाऊक माफी, नाव न वाचता. आज याचं काही ठरलेलं नाही आणि मलाही काही माहीत नाही. माझ्याजवळचं सगळं नेलं त्यांनी, तिसरा कप्पासुद्धा. एवढी एक गोष्ट न्यायची राहिली!" ते मेव्हण्यासमोर जाऊन उभे राहिले. "माफ केलं तुला! चहाचं, पंख्याचं, जांभईचं, उपमेचं, सगळ्याचं! आता उद्या सही कर नाहीतर करू नकोस, जा!"

"असं अंगावर येऊन कुणी माफ करतं का?" मेव्हणा मागे सरकत म्हणाला.

"मग कसं करतात? मी पहिल्यांदाच करतोय!"

"राग तर आहेच तुमचा!"

"आहेच! तो वेगळा! तो माझा मी बघीन!"

ड्रायव्हरने टाळी वाजवली. मग बराक वाजवू लागली. दंतवैद्य म्हणाला, "मला तरी वाटलं होतं, आता राग म्हणजेच तुरुंग असं काहीतरी ऐकावं लागतंय." आणि त्याने आपली पथारी एक हात सरकवली. मेव्हण्याची वळकटी त्या कोरड्या जागेत येऊन पडली. फिरण्याची वेळ कधीच टळून गेली होती. पहारेकऱ्याला एकदम भान आलं आणि त्याने घाईघाईने दार लावून घेतलं.

सकाळी साहेब आला. मेव्हण्याला नेलं. ड्रायव्हर एकच ताटली घासत राहिला. सर भिंतीला टेकून बसले होते. आपण काल केलं ते बरोबर होतं याविषयी त्यांना शंका नव्हती. मोठ्या खटल्याविषयी होती.

मेव्हणा परत आला तो ताठ मानेने. "त्याने कागद पुढे केला," तो म्हणाला. "आधीच लिहून आणला होता, माझं वाक्य वर आणि त्याच्यासमोर पुन्हा भाऊजींचं नाव. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, साहेब, हे वाक्य माझं आहे. पहिल्यापासून माझं. तो म्हणाला, मूर्खा, तू स्वतःवर ओढवून घेतोयस. मी म्हणालो, घेतो. पण नाव दुरुस्त करा."

"अरे बाबा," आजोबा म्हणाले, "हे तू भाऊजींसाठी केलंस की वाक्यासाठी?"

मेव्हण्याने विचार केला. "कुणी बाजू मांडून दाखवली तर सांगतो," तो म्हणाला, आणि सगळी बराक अशी हसली की शेजारच्या बराकीतून भिंतीवर गुद्दे बसले.

वाक्य गेल्यावर सरांविरुद्ध काही उरलं नाही. त्यांचं व्याख्यान साहेबांनी पूर्ण वाचून काढलं म्हणे. त्यात कुणालाच काही सापडलं नाही. सुटकेचा हुकूम आला तो भर दुपारी, ड्रायव्हर एक मुद्दा मांडत असताना, आणि सरांनी हुकूम आणणाऱ्याला जरा थांबायला सांगितलं. तो थांबला नाही.

फाटकाबाहेर बायको उभी होती, हातात कपड्यांची पिशवी. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे. फाटक लागलं.

"तो?"

"आत. वाक्य त्याचं निघालं." आणि सरांनी तिथेच रस्त्यावर उभं राहून तिला सगळं सांगितलं; पंखा, चहा, जांभई. स्वतःचं चष्मा पुसणंही सांगितलं. ती एकदाही मधे बोलली नाही, त्यामुळे ते घाबरले.

"म्हणजे तुम्ही माफ केलंत. मला न विचारता."

"वेळच नव्हता गं. उद्यावर टाकलं असतं तर..."

"आणि त्याने तुम्हाला?"

"निघताना विचारलं मी." सर पायांकडे बघू लागले. "विचार करून सांगतो म्हणाला."

तिच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू होतं की दुसरं काही, सरांना उन्हात नीट दिसलं नाही. "मी केलेलं नाही," ती म्हणाली. "मी त्याला आज चांगलं सोलून काढणार आहे. धरा ही." तिने पर्स त्यांच्या हातात दिली, पिशवीतले कपडे चाचपून पाहिले. "तुमचे सदरे त्याला ढगळ होतील. होऊ देत."

ती भेटीच्या खिडकीशी जाऊन नाव सांगून आत गेली. सरही मागोमाग निघाले. फाटकावरच्या माणसाने हात आडवा केला: आज सुटलेल्याला आज आत येता येत नाही.

भेटीच्या खोलीचा झरोका रस्त्याच्या बाजूला, उंचावर होता. सर त्याच्याखाली पर्स छातीशी धरून उभे राहिले. आधी तिचा आवाज आला. तो चढत गेला, त्यात आई होती, रिकामं घर होतं, दिवटा हा शब्द पुन्हा पुन्हा होता. मधे एकदा मेव्हणा काहीतरी म्हणाला आणि तिने त्याला झिडकारलं. मग तो पुन्हा म्हणाला.

त्यानंतर बराच वेळ फक्त त्याचाच आवाज येत होता.